एका फोटोवरून शटरचा दोष शोधताना : कामाच्या नोंदी

३ डिसेंबर

मित्राने एक फोटो पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "अरे, शटर गेलंय का रे? बघून सांग." फोटो मोकळ्या माळाचा आहे. खाली वाळके गवत, वर निरभ्र आकाश, आणि डाव्या कडेला साधारण पाचव्या हिश्शाएवढा पट्टा काळवंडलेला. अगदी कडेला तो जवळजवळ काळा आहे, मध्याकडे येताना फिका होत जातो आणि नेमका कुठे संपतो ते बोट ठेवून सांगता येत नाही. कॅमेरा ३५ मिमी फिल्मचा, पूर्णपणे यांत्रिक एसएलआर, म्हणजे आरशातून लेन्समधलेच दृश्य दाखवणारा, आहे. त्याचे शटर दोन कापडी पडद्यांचे असून ते आडवे धावते: पहिला पडदा फिल्म उघडत जातो आणि दुसरा मागून येऊन ती झाकतो. शटरचा वेग १/१००० सेकंद आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ ४ होते (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), असे त्याने आठवून सांगितले.

उत्तर देण्याआधी मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. फ्लॅश लावला होता का, हाच पट्टा रोलमधल्या दुसऱ्या फ्रेमवर आहे का, आणि निगेटिव्हवर फ्रेमच्या बाहेर, म्हणजे कडेच्या छिद्रांपर्यंत काही डाग गेला आहे का. फ्लॅश नव्हता. पट्टा १/१००० ने काढलेल्या चार फ्रेमवर होता, त्यात माळाच्या फोटोवर सर्वांत गडद. १/१२५ ने काढलेल्या फ्रेम त्याला स्वच्छ वाटल्या.

५ डिसेंबर

निगेटिव्हची पट्टी पांढऱ्या पडद्यासमोर धरून काढलेला फोटो आज आला. स्कॅनपेक्षा निगेटिव्ह किती जास्त सांगते, हे इथे स्पष्ट दिसले. स्कॅनरच्या आपोआप होणाऱ्या सुधारणेने ती कड काळीकुट्ट केली होती; निगेटिव्हवर मात्र त्या जागी गवताचे पुसटसे तपशील शिल्लक आहेत. म्हणजे तिथे प्रकाश पोहोचला आहे, पण कमी पोहोचला आहे.

दोन फ्रेममधली मोकळी जागा आणि छिद्रांच्या आजूबाजूचा भाग अगदी स्वच्छ आहे. यावरून दोन शक्यता एकदम बाद झाल्या. मागच्या झाकणाचा फोम झिजून आत येणारा प्रकाश निगेटिव्हवर काळा डाग पाडतो, म्हणजे फोटोत तो उजळ दिसतो, आणि तो फ्रेमची चौकट सहसा पाळत नाही. रोल धुताना द्रावण नीट न हलल्याने पडलेला असमान पट्टाही फ्रेमच्या आत थांबत नाही. आपला पट्टा मात्र चौकटीच्या आत काटेकोरपणे थांबतो, त्यामुळे दोष लेन्स, आरसा किंवा शटर यांपैकीच कुठेतरी आहे. लेन्समुळे येणारा अंधार चारही कोपऱ्यांत सारखा असतो. आरसा वर जायला रेंगाळला तर अंधार फोटोच्या खालच्या कडेला येतो, कारण आरसा फिल्मचा वरचा भाग सर्वांत शेवटी मोकळा करतो आणि फिल्मवर प्रतिमा उलटी असते. राहता राहिले शटर.

७ डिसेंबर

दोन संध्याकाळी वाया गेल्या. त्या का गेल्या ते लिहून ठेवतो, कारण ही चूक दुसऱ्या कोणाच्याही हातून सहज होईल.

या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मागचे झाकण उघडून पाहिले, तर पडदे उजवीकडून डावीकडे धावतात. फिल्मवर प्रतिमा उजवी-डावीही उलटलेली असते, म्हणून तयार फोटोत एक्स्पोजर डाव्या कडेपासून सुरू होऊन उजव्या कडेला संपते. पट्टा डावीकडे असल्यामुळे मी असे धरले, की दोष पडद्याच्या धावेच्या सुरुवातीला आहे. फ्लॅश वापरताना शटरचा वेग जास्त ठेवला गेला की अंधार याच बाजूला येतो, पण फ्लॅश तर नव्हता. मग पहिला पडदा सुटताना खटक्यावर अडकतो का, दुसरा वेळेआधी सुटतो का, याच्या आकृत्या काढत मी दोन संध्याकाळी बसलो. एकही तर्क निगेटिव्हशी जुळेना. खटका अडकला तर सगळीच फ्रेम बिघडायला हवी. फक्त एक कड हळूहळू काळवंडण्याचे कारण त्यात नव्हते.

८ डिसेंबर

त्याच रोलवरचे बाकीचे स्कॅन मागवले आणि मित्राच्या वडिलांच्या फोटोवर नजर अडली. त्यांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर दिसत होता. मित्राला विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबांचे सगळे सदरे एकाच शिंप्याकडचे, खिसा डावीकडेच असतो." निगेटिव्ह स्कॅनरमध्ये पालथी ठेवली गेली होती! माळाच्या फोटोत ना अक्षरे ना माणूस, त्यामुळे तो उलटा आहे हे कळायला काही मार्गच नव्हता.

म्हणजे पट्टा खरे तर उजवीकडे, पडद्याच्या धावेच्या शेवटाला आहे, आणि मग सगळे जागेवर बसते. शटरच्या वरच्या वेगांना दोन पडद्यांच्या मध्ये एक अरुंद फट फिल्मवरून सरकत जाते. पहिला पडदा मंदावला किंवा दुसरा जास्त वेगाने आला, की ती फट वाटेत अरुंद होत जाते आणि शेवटी मिटूही शकते. अंधार हळूहळू वाढत जाऊन कडेला सर्वांत गडद होतो, तो यामुळे.

यापुढे कोणाचाही फोटो पाहताना मी आधी एकच गोष्ट मागणार आहे: निगेटिव्हची चकचकीत बाजू आपल्याकडे करून धरा आणि कडेची छापील अक्षरे सुलटी वाचता येतात का ते पाहा. ती सुलटी असतील तरच डावे-उजवे बोलण्यात अर्थ आहे.

१२ डिसेंबर

कॅमेरा हातात आला. झाकण उघडून, लेन्स काढून, पांढऱ्या भिंतीकडे रोखून १/१००० वर शटर दाबले आणि मागून डोळ्याने पाहिले. डोळ्याला चौकटीचा डावा काठ, म्हणजे फोटोची उजवी कड, किंचित मंद भासला, पण एवढ्या झटक्यात डोळ्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. पडद्यांवर उजेड धरून सुईच्या टोकाएवढी छिद्रे आहेत का तेही तपासले, नाहीत.

दुपारी चाचणीचा पहिला रोल वापरला. निळे आकाश, प्रत्येक वेगाला तीन फ्रेम, आणि एक्स्पोजर सारखे राहावे म्हणून १/१००० ला एफ ४, १/५०० ला एफ ५.६, असे १/६० ला एफ १६ पर्यंत. हा रोल फुकट गेला. निळे आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते, सूर्याकडे ते स्पष्टपणे उजळत जाते. शिवाय ॲपर्चर जितके मोठे तितके लेन्सचे कोपरे काळवंडतात आणि मी नेमके वेगवान फ्रेमनाच मोठे ॲपर्चर दिले होते. पट्टा दिसला, पण त्यातला शटरचा किती, आकाशाचा किती आणि लेन्सचा किती, हे सांगता येईना. छत्तीस फ्रेम, रोल धुण्याचे द्रावण आणि अख्खी दुपार एवढी किंमत मोजली.

१६ डिसेंबर

दुसरा रोल ढगाळ दिवशी, एकसारख्या करड्या आकाशावर काढला, आणि या वेळी प्रत्येक फ्रेमची जोडी केली: एक कॅमेरा सरळ धरून, दुसरी कॅमेरा उलटा धरून. आकाशातला फरक कॅमेरा उलटा केल्यावर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला जातो. शटरचा दोष मात्र कॅमेऱ्याबरोबर उलटतो, म्हणून फ्रेममध्ये त्याच कडेला राहतो. लेन्सचा काळवंडलेपणा दोन्ही कडांना सारखा असतो, त्यामुळे डावी आणि उजवी कड एकमेकींशी ताडून पाहिली की तो आपोआप वजा होतो. या युक्तीला काही खर्च नाही आणि कोणतेही उपकरण लागत नाही. ती मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

रोलच्या शेवटी १/६० वर एफ ८, एफ ११ आणि एफ १६ अशा तीन फ्रेम घेतल्या. प्रत्येकीत आधीचीपेक्षा एक स्टॉप प्रकाश कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे निगेटिव्हवरच तुलनेची एक पायरी तयार होते. १/१००० च्या सगळ्या जोड्यांत फोटोची उजवी कड निगेटिव्हवर पातळ, म्हणजे कमी प्रकाश लागलेली, निघाली आणि डोळ्याने ताडून पाहता तिची घनता एक ते दोन स्टॉपच्या मध्ये बसली. १/५०० ला फरक साधारण अर्ध्या स्टॉपचा, १/२५० ला जाणवेल न जाणवेल असा आणि १/६० ला शून्य.

ही उतरंडच सर्वांत मोलाचा पुरावा आहे. पडदे शेवटाला पोहोचेपर्यंत समजा अर्ध्या मिलिसेकंदाने जवळ येत असतील, तर १/१००० च्या (नेमके धरले तर १/१०२४ सेकंद) सुमारे ०.९८ मिलिसेकंदांतून अर्धा गेला की एक स्टॉप जातो. १/५०० च्या १.९५ मधून तेवढाच गेला तर ०.४ स्टॉप जातो, १/२५० च्या ३.९ मधून गेला तर फक्त ०.२, आणि १/६० च्या १५.६ मधून गेला तर काही दिसतच नाही. दोष प्रत्येक वेगाला तेवढाच असतो, पण तो दिसतो फक्त वरच्या वेगांना. "कमी वेगाला फोटो चांगले येतात, म्हणजे शटर ठीक आहे" असा निष्कर्ष त्यामुळेच फसवा ठरतो.

आणखी एक शंका याच रोलवर मिटवली. पहिला पडदा शेवटी आपटून मागे उसळला, तरी अंधार याच कडेला येतो. पण तो एक-दोन मिलिमीटरचा, ठसठशीत काठाचा असतो. आपला पट्टा रुंद आहे आणि त्याला काठ नाही. दुसरा पडदा उसळला असता तर तिथे उलट उजळ रेघ आली असती.

२१ डिसेंबर

निगेटिव्हवरून दिशा कळली, पण दुरुस्तीनंतर प्रत्येक वेळी रोल धुऊन पाहणे परवडणारे नाही, म्हणून मोजण्याचे साधे साधन केले. जाड काळ्या पुठ्ठ्यावर दोन बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की विजेचा सिग्नल देणारे छोटे सेन्सर), एकमेकांपासून ३२ मिमी अंतरावर, म्हणजे फ्रेमच्या दोन्ही कडांपासून २ मिमी आत. दोन सेल, प्रत्येक डायोडला १० किलो-ओमचा रोध, आणि दोन्हींचे सिग्नल संगणकाच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये डाव्या-उजव्या चॅनलला. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर, सेकंदाला ४८,००० नमुने. म्हणजे एक नमुना सुमारे ०.०२ मिलिसेकंदाचा, आणि एवढी बारकाई या कामाला पुरेशी आहे.

बसल्या बैठकीत तीन चुका झाल्या. पहिली म्हणजे, या डायोडची प्रकाश घेणारी जागा सुमारे २.७ मिमी रुंद असते, आणि १/१००० ला पडद्यांमधली फट जेमतेम सव्वादोन मिमी. सेन्सरच फटीपेक्षा रुंद असेल तर मोजमापाला अर्थ नाही. डायोडसमोर पुठ्ठ्यात अर्ध्या मिमीची उभी चीर ठेवल्यावर सिग्नल धारदार झाला. दुसरी चूक म्हणजे विजेवरचा एलईडी दिवा वापरला आणि आलेखावर लाटा उमटल्या. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होऊ शकतात, आणि पडद्याची एक धाव दहा-पंधरा मिलिसेकंदांची असते. अशा दिव्याखाली काढलेल्या फोटोतही याच कारणाने खोटा पट्टा येऊ शकतो, तेव्हा घरातल्या दिव्याखालच्या फोटोवरून शटरला दोष देऊ नये. बॅटरीवरची विजेरी पूर्ण तेजावर लावली तेव्हा रेषा सपाट झाली. तिचे तेज कमी ठेवले तर अनेक विजेऱ्या स्वतःच लुकलुकतात. तिसरी चूक मोजण्यातली. मी वेळ सिग्नलच्या पायथ्यापासून पायथ्यापर्यंत धरली आणि १/१००० ला १.५ मिलिसेकंद आले. पडदा सेन्सरपासून थोडा दूर असल्याने काठ पसरतो, म्हणून निम्म्या उंचीवर मोजायचे असते.

साडेसहा तास गेले, पण पुढचे सगळे काम याच पुठ्ठ्यावर उभे राहिले.

२२ डिसेंबर

संध्याकाळी दहा-दहा वेळा शटर चालवून सरासरी काढली. १/१००० ला धावेच्या सुरुवातीच्या कडेला १.०६ मिलिसेकंद, शेवटच्या कडेला ०.४६. दोन सेन्सरमधले अंतर कापायला पहिल्या पडद्याला १४.१ मिलिसेकंद लागले, दुसऱ्याला १३.५. १.०६ मधून हा ०.६ चा फरक वजा केला की बरोबर ०.४६ उरतात. फरक भरतो १.२ स्टॉपचा, आणि निगेटिव्हच्या पायरीवर डोळ्याने लावलेला अंदाजही एक ते दोनच्या मध्येच होता. हा ताळा जुळला तेव्हा फार समाधान वाटले.

२३ डिसेंबर

पण मित्राच्या माळाच्या फोटोत अंधार याहून पुष्कळ जास्त होता, आणि ते मनाला लागून राहिले होते. सकाळी उठल्याबरोबर, रात्रभर थंडीत पडून असलेल्या कॅमेऱ्यावर पहिलेच शटर मोजले. शेवटच्या कडेला फक्त ०.१५. दुसऱ्या वेळी ०.२८, पाचव्या वेळी ०.४, आणि विसाव्यानंतर कालचाच आकडा. मित्राला फोन केला, तर माळाचा फोटो कित्येक महिने कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याची पहिली फ्रेम होती, आणि तीही भल्या पहाटेची.

थंड असताना आणि विश्रांतीनंतर वाढणारा, वापरल्यावर ओसरणारा दोष हा वाळलेल्या वंगणाकडे बोट दाखवतो. हे मी वहीत लिहिलेही. तरीही पुढच्या नोंदीत मी जे केले ते या ओळीच्या नेमके उलट आहे.

२८ डिसेंबर

तळपट्टी उघडली. जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंना जेआयएस (जपानी मानकाच्या) प्रकारचे टोक लागते. मी हाताशी असलेला नेहमीचा पेचकस वापरला आणि एका स्क्रूचे डोके खराब केले.

तळाशी दोन दातेरी चाके असतात, एक पहिल्या पडद्याच्या स्प्रिंगचे आणि एक दुसऱ्याच्या. प्रत्येकावर एक बारीक खटका टेकलेला असतो. पहिल्याचा ताण दोन दात वाढवला आणि मोजले: पहिल्या पडद्याची धाव १३.४, दुसऱ्याची १३.५, आणि १/१००० ला सुरुवातीस ०.९५, शेवटी १.०५. पंधरा मिनिटांत काम झाल्यासारखे वाटले. तिसरा रोल भरून ठेवला.

२९ डिसेंबर

सकाळचा पहिला आकडा सुरुवातीस १.०, शेवटी ०.६. तिसऱ्या रोलची सकाळची फ्रेमही तेच सांगते. त्यात भर म्हणजे दुपारच्या फ्रेमवर उजव्या कडेला आता दीड मिमीची, ठसठशीत काठाची काळी रेघ आली आहे. वाढलेल्या ताणामुळे पहिला पडदा शेवटी जोरात आपटतो आणि मागे उसळतो. कडेच्या सेन्सरच्या आलेखातही उघडल्यानंतर एक खळगा दिसतो. म्हणजे जुना दोष झाकला गेला आणि त्याच्याशेजारी मी नवा निर्माण केला.

जो पडदा चिकटपणामुळे मंद आहे, त्याला जास्त जोराने ओढले तर चिकटपणा जात नाही. तो झाकला जातो आणि थंडीत पुन्हा वर येतो. आधी सफाई आणि मग ताण, हा क्रम मोडल्याची किंमत एक रोल आणि दोन दिवस.

२ जानेवारी

ताण परत उतरवताना खटका हातून निसटला आणि स्प्रिंग सरकन पूर्ण उलगडली. एक कोरडा, लांबट आवाज, आणि पहिला पडदा चौकटीत सैल लोंबला. मी दातांवर खूण केली नव्हती आणि मूळ ताण किती वेढ्यांचा होता हे कुठेही लिहिले नव्हते. मोजण्याचा पुठ्ठा नसता तर कॅमेरा इथेच संपला असता. जे कोणी हे करतील, त्यांनी चाकाला हात लावण्याआधी त्याचा फोटो काढावा, एका दातावर बारीक रंगाचा ठिपका द्यावा आणि खटका सोडताना चाक दुसऱ्या हाताने धरून ठेवावे.

४ जानेवारी

आज फक्त सफाई केली. भिंगाखाली पाहिले तर पहिल्या पडद्याच्या रोलरच्या, म्हणजे पडदा ज्यावर गुंडाळला जातो त्या दांडीच्या, खालच्या टोकाभोवती तपकिरी कडे जमले होते. सुईने टोकरल्यावर ते जुन्या मेणासारखे निघाले आणि सुईच्या टोकाला चिकटून राहिले; बोटांत चोळले तर आधी कडक, मग ऊब लागल्यावर चिकट. वापरल्यावर शटर का सुधारत होते याचे उत्तर त्या कणात होते. दुसऱ्या पडद्याच्या टोकाला असे जवळजवळ काहीच नव्हते, म्हणून तो आपल्या वेगाने धावत राहिला आणि पहिला मागे पडला.

लायटरमध्ये भरायचे नॅफ्था बारीक ब्रशच्या टोकाने, एका वेळी थेंबापेक्षा कमी, फक्त टोकांवर लावले. लगेच कागदाच्या अणकुचीदार पट्टीने टिपून घेतले, आणि पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हेच करत राहिलो. अकरा वेळा करावे लागले. नॅफ्था कापडावर जाऊ द्यायचे नाही, कारण पडद्यांवर रबराचा थर असतो आणि तो सुटला तर पडदाच बदलावा लागतो. रात्रभर वाळू दिले. सकाळी सुईच्या टोकावर मावेल एवढे घड्याळाचे तेल प्रत्येक टोकाला दिले.

६ जानेवारी

ताण शून्यापासून चढवला. आधी दुसऱ्या पडद्याचा ताण थोडा उतरवून त्याची धाव १३.२ वर स्थिर केली, मग पहिल्याला एकेक दात चढवत प्रत्येक वेळी दहा वेळा शटर चालवून मोजले. पहिला १३.३ वर आला तिथे थांबलो. पहिल्याला हा वेग गाठायला मी पूर्वी दोन दात जास्तीचे दिले होते. आता दुसरा पडदाही आधीपेक्षा कमी ताणावर जास्त वेगाने धावतो आहे. म्हणजे थोडे तेल त्यालाही हवेच होते. १/१००० ला सुरुवातीस १.०८, शेवटी ०.९८. १/५०० ला २.०२ आणि १.९२. उसळीचा खळगा आलेखातून गेला. ७ तारखेला सकाळी, रात्रभर थंडीत ठेवून, पहिले शटर: १.०७ आणि ०.९४.

पहिला पडदा आणखी एक दात चढवून दोन्ही कडा तंतोतंत सारख्या करण्याचा मोह झाला होता, पण केले नाही. ०.१ मिलिसेकंद म्हणजे सुमारे ०.१४ स्टॉप, आणि तो निगेटिव्हवर डोळ्याला दिसत नाही. दर दाताबरोबर उसळीचा धोका मात्र परत येतो.

१० जानेवारी

चौथा रोल, पुन्हा करड्या आकाशावर, सरळ-उलट्या जोड्यांत. रोल ओला असतानाच उजेडासमोर धरला. १/१००० च्या सहाही जोड्यांत दोन्ही कडा सारख्या आहेत. एकूण तासांची बेरीज केली: चौतीस. त्यातले निम्मे तरी स्कॅनवर विसंबण्यात, पहिल्या रोलवर आणि घाईने ताण वाढवण्यात गेले.

१२ फेब्रुवारी

कॅमेरा महिनाभर मुद्दाम न वापरता ठेवला होता. आज सकाळी पहिलेच शटर मोजले: पहिला पडदा १३.५, दुसरा १३.३, १/१००० ला सुरुवातीस १.०५, शेवटी ०.८५. म्हणजे ०.३ स्टॉपचा फरक. तिसऱ्या शटरला तो ०.१५ वर आला. रोलरच्या वरच्या टोकांपर्यंत मी पोहोचलो नव्हतो, कारण त्यासाठी वरचे झाकण काढावे लागते. उरलेला चिकटपणा तिथेच असावा. मित्राला कॅमेरा परत देताना कागदावर लिहून दिले, की फिल्म भरण्याआधी दहा-बारा वेळा रिकामे शटर चालवावे आणि कॅमेरा थंड असेल तेव्हा पहिली फ्रेम १/५०० किंवा त्याहून कमी वेगाला घ्यावी. वरच्या टोकांची सफाई पुढच्या हिवाळ्याआधी करायची, असे आमचे ठरले आहे.